सुया सात, झोप दीड तास

पहाटे साडेचार
चिऊ उठली. दोन महिन्यांची पोर. भुकेची वेळ तिला कुणी सांगावी लागत नाही. जानेवारीत चेण्याला पहाटे डोंगराकडून गारठा उतरतो. मागे राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, पुढे घोडबंदर रोड, त्यापलीकडे खाडी. पाजताना मी तिला कुंची घालते. माझ्या आईच्या विरलेल्या साडीची, काठ तेवढा धड होता तो कपाळावर घेतलेला. डोकं, कान आणि पाठ एकदम झाकली जाते. तान्ह्या बाळाची ऊब डोक्यावाटे फार लवकर निघून जाते. दुकानातली टोपी दिसायला छान, पण ती रात्रीतून डोक्यावरून निसटते आणि मान उघडीच राहते. माझ्या मते कुंचीला तोड नाही.

सात
मालिश, अंघोळ. आई, म्हणजे सासूबाई, पाय पसरून बसतात, चिऊला पायांवर घेतात. धुरी आम्ही देत नाही; डॉक्टर नको म्हणाले आणि आईंनी ते लगेच मानलं. पाणी मात्र त्यांच्या कोपरालाच विचारून घ्यायचं. “अगं, दुपटं आण आधी, कात्री मग घे,” त्या म्हणतात. माझं लक्ष कुठे आहे ते त्यांना कळतं.

साडेआठ
न्हाऊन, पिऊन चिऊ झोपली की दीड तास मिळतो. दिवसातली सगळ्यात सलग झोप ही, म्हणून बेतण्या-कापण्याचं काम याच वेळी. हातशिलाई केव्हाही खाली ठेवता येते. कापड अर्धवट कापून उठलं की ते सरकतं आणि दोन बाह्या दोन मापांच्या होतात.

संक्रांत आठवड्यावर आली आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर बोरन्हाण होतं. बाळाला काळं झबलं, त्यावर हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे. पाच झबल्यांची मागणी आहे. काळं सुती कापड तीनदा धुऊन घेतलंय, पाणी नितळ निघेपर्यंत. त्यानं जायचा तो रंग जातो, खळ निघते, आणि कापडाला आटायचं तेवढं आधीच आटतं. कोरं कापड बाळाच्या अंगाला टोचतं. पहिलं झबलं जुन्या लुगड्याचं शिवायची रीत आहे ती त्यासाठीच, असं मला आता कापड हातात घेतलं की पटतं.

गळा वाटीनं आखते. लहान बाळाला मान जवळजवळ नसतेच, म्हणून समोरचा गळा बोटभर खोल. पाठ पूर्ण उघडी ठेवून बंद लावायचे, म्हणजे डोक्यातून ओढाओढ नको. बंद आखूड, लांब नाडी गळ्याशी कधीच नको. बटण नाही, टिकली नाही, मणी नाही. शिवण बाहेरच्या अंगाला, वरून पट्टी. नाजूक कातडीवर आतली शिवण दिवसभर घासते, आणि बाळ बिचारं नुसतं रडतं.

टाचणीगादीत सात सुया असतात. चिऊला उचलण्याआधी मी सात मोजते. ती कितीही रडत असली तरी आधी सात.

अकरा
मशीन. त्याच्या आवाजात चिऊ झोपते. मशीन थांबलं की डोळे उघडते. दोन झबल्यांच्या बाह्या झाल्या, तिसऱ्याच्या राहिल्या. मग दूध, लंगोट, ढेकर, पुन्हा लंगोट.

दोन
चिऊ आईंकडे. मी हलवा घेऊन बसते. हलव्याच्या दाण्यातून सुई जात नाही, दाणा फुटतो. दुहेरी दोऱ्याच्या फासात तो धरायचा, गाठ मारायची, शेजारी पुढचा. हार, बाजूबंद, कंबरपट्टा, वाळे आणि मुकुट. गाठ घट्ट हवी आणि दोरा पांढराच, म्हणजे काळ्यावर फक्त काटे दिसतात.

गेल्या आठवड्यात एक हार रात्रभर उघडा राहिला. खाडीची दमट हवा लागून हलवा पाझरला, सकाळी मुंग्यांची रांग. अख्खा हार टाकला. आता गाठ मारून झाली की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात.

प्रत्येक डब्यासोबत चिठ्ठी देते: फोटो झाला की दागिने उतरवा, दाणा तोंडात जाऊ देऊ नका, बोरं आणि शेंगदाणे बाळाच्या अंगावर नकोत, आजूबाजूला सोडा. हे मी मनापासून लिहिते. दाणा घशात अडकायला क्षणही पुरतो.

चार
काशिमिऱ्याहून एक ताई बाळंतविडा न्यायला आल्या. दोन झबली, दोन टोपडी, दुपटं, कुंची, आणि आईंनी केलेले डिंकाचे लाडू. गायमुख घाटात गाड्या तुंबल्या नाहीत तर त्यांना ठाण्याला नणंदेकडे आजच पोचवायचा होता. किंमत ऐकून म्हणाल्या, “एवढंसं तर कापड!”

कापड एवढंसंच असतं, ताई. पण गळा, दोन बाह्या, दोन कुशी, बंद आणि पट्टी मोठ्या माणसाच्या सदऱ्याइतक्याच असतात, फक्त त्या बोटाएवढ्या जागेत बसवायच्या असतात. मी त्यांना उलटी बाजू दाखवली. त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं, आणि पैसे पूर्ण दिले.

२०१७ पासून कायद्याखाली येणाऱ्या नोकरदार बाईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी बाळंतपणाची रजा आहे. माझ्या बहिणीनं ती घेतली, फार चांगलं झालं. घरी शिवणाऱ्या बाईला अशी रजा देणारा कुणी नाही. म्हणून तिच्या शिवणीला निदान पुरती किंमत मिळावी, हे मी संकोच न करता मागते.

सात
तिन्हीसांजेला आई सुई धरू देत नाहीत. चिऊ नेमकी याच वेळी रडते. आई मीठ-मोहरीनं दृष्ट काढतात, मी तिला खांद्यावर घेऊन ओट्यावर फिरते. अंधारात चेण्याच्या नदीच्या बाजूनं रातकिडे सुरू होतात आणि रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज त्यांच्या खाली जातो.

साडेदहा
तिसऱ्या झबल्याची बाही मांडीवर. चार टाके घातले. “आण इकडे, मी घेते तिला,” आई आतून म्हणाल्या, पण चिऊला आता माझाच वास हवा होता. सुई गादीत खोचली. सहा. कंदिलासारखा मोबाइल फरशीवर फिरवला, चटईखाली पाहिलं, झबलं झटकलं. सातवी बंदाच्या घडीत होती.

मग चिऊला उचललं.