ऐनवेळची परदेशवारी : हॉटेल ठरवण्याआधी नकाशा पाहा

हिंजवडी (ता. मुळशी) : गुरुवारी दुपारी रजा मंजूर होते, रात्री विमानाची तिकिटे काढली जातात आणि शुक्रवारी बॅगा भरता भरता हॉटेल ठरते. येथील आयटी पार्कमध्ये नोकरी करणाऱ्या अनेक कुटुंबांना परदेश सहलीचा हा क्रम परिचयाचा आहे. दुबई, बँकॉक, सिंगापूर ही शहरे काही तासांच्या अंतरावर असल्याने तीन रात्रींचा बेत ऐनवेळीही आखता येतो. तिकिटांचे दर दहा ठिकाणी पडताळले जातात. मुक्कामाचे ठिकाण मात्र छायाचित्रे आणि भाडे पाहून दहा मिनिटांत निश्चित होते. सहलीचा विचका होतो तो बहुधा येथेच.

ही चूक समजून घेण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. समजा, एखाद्या परदेशी पाहुण्याने पुण्यात राहायचे म्हणून स्वस्त, प्रशस्त खोली पाहून हिंजवडीतील हॉटेल घेतले. पत्त्यात 'पुणे' असते. परंतु गाव मुळशी तालुक्यातले. शनिवारवाडा आणि पेठा पाहण्यासाठी आलेल्या या पाहुण्याला रोज अठरा-वीस किलोमीटर जावे आणि तितकेच परत यावे लागेल. त्यात सकाळ-संध्याकाळची वाहतूक कोंडी वेगळीच. हॉटेल वाईट नसते; आयटी पार्कमध्ये काम असलेल्याला त्याहून सोयीची जागा नाही. 'मुळशी' या नावाचेही तसेच आहे. हिंजवडी, ताम्हिणी, लवासाचे दासवे आणि अॅम्बी व्हॅली ही सारी ठिकाणे एकाच तालुक्यात आहेत. मात्र एकाकडून दुसरीकडे जाताना डोंगर आणि जलाशय आडवे येतात. हे आपल्याला ठाऊक असते, पाहुण्याला नसते. बँकॉकमध्ये आपण तोच पाहुणा असतो.

अंतर मोजा वेळेत

म्हणूनच खोली शोधण्यापूर्वी एका कागदावर तीन गोष्टी लिहून काढाव्यात : विमान कोणत्या विमानतळावर, किती वाजता उतरणार, पाहायची ठिकाणे शहराच्या कोणत्या भागात आहेत, आणि त्यांना जोडणारी मेट्रो कोणती. बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग असे दोन विमानतळ आहेत. सुवर्णभूमीहून एअरपोर्ट रेल लिंकने फाया थाई स्थानकावर आले, की तेथे शहरातील स्कायट्रेन मिळते. खरेदीसाठी जाणाऱ्यांना सुखुमवित परिसर सोयीचा. मंदिरे आणि ग्रँड पॅलेस पाहणाऱ्यांना नदीकाठचा जुना भाग जवळचा.

दुबईत खाडीच्या दोन्ही तीरांवरील देरा आणि बर दुबई हे जुने भाग तुलनेने स्वस्त असून तेथे भारतीय जेवण सहज मिळते. नव्या दुबईतील मरिना परिसर दुसऱ्या टोकाला आहे. मेट्रोची रेड लाइन या दोन्ही बाजूंना जोडते. शेजारच्या शारजात भाडे कमी असले, तरी संध्याकाळी दुबईहून तिकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोठी कोंडी होते. दोन हजार रुपये वाचवून रोजचे दोन तास रस्त्यात घालवायचे का, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. सिंगापूर लहान आहे आणि मेट्रोचे जाळे दाट. तेथे स्थानकापासून पायी पाच-सात मिनिटांवरील कोणतेही हॉटेल चालते. शाकाहारी कुटुंबांना लिटल इंडिया परिसर विशेष सोयीचा.

'मध्यवर्ती ठिकाण' या जाहिरातीतील शब्दांवर विसंबू नये. नकाशावर हॉटेलपासून स्थानकापर्यंतचा पायी मार्ग आणि त्याला लागणारा वेळ स्वतः तपासावा. वृद्ध आई-वडील किंवा लहान मुले बरोबर असतील, तर हा तपास अधिकच महत्त्वाचा.

तारखेचा घोळ

ऐनवेळच्या आरक्षणात हमखास होणारी चूक तारखेची. विमान बारा तारखेला पहाटे दोन वाजता उतरणार असेल आणि लगेच झोपायचे असेल, तर खोली अकरा तारखेपासून घ्यावी लागते. बाराची घेतली, तर बहुतेक हॉटेलांत ती दुपारी दोन-तीननंतरच मिळते. अकराची घेतली असल्यास उशिरा पोहोचणार असल्याचे हॉटेलला आधी कळवावे; अन्यथा पाहुणा आलाच नाही असे समजून काही ठिकाणी सर्व रात्रींचे आरक्षण रद्द होते. पहाटेच्या विमानाने उतरणाऱ्यांना मेट्रो सुरू होईपर्यंत थांबावे तरी लागते किंवा टॅक्सी करावी लागते, हेही ध्यानात असावे.

पत्ता आणि कायदा

मुक्कामाचा पत्ता ही केवळ सोयीची बाब नाही. सिंगापूरला उतरण्यापूर्वी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन आगमन अर्ज भरावा लागतो. थायलंडनेही १ मे २०२५ पासून अशी डिजिटल पद्धत सुरू केली आहे. दोन्ही अर्जांत राहण्याचे ठिकाण विचारले जाते. त्यामुळे 'तिथे गेल्यावर पाहू' हे धोरण आता चालत नाही. हे दोन्ही अर्ज निःशुल्क आहेत. पैसे मागणाऱ्या खासगी संकेतस्थळांपासून सावध राहावे.

खासगी सदनिका भाड्याने घेणे स्वस्त आणि स्वयंपाकाच्या दृष्टीने सोयीचे वाटते. परंतु प्रत्येक शहराचा नियम निराळा आहे. सिंगापूरमध्ये खासगी निवासी घर सलग तीन महिन्यांहून कमी काळासाठी भाड्याने देता येत नाही. दोन-तीन रात्रींसाठी अशी सदनिका कोणी देऊ करत असेल, तर ती नियमबाह्य समजावी. रात्री अकरा वाजता, सामानासह, इमारतीच्या दारातून परत फिरण्याची वेळ आली, तर वाचलेल्या भाड्याचा काहीच उपयोग नसतो.

भाड्यापलीकडचा खर्च

पडद्यावर दिसणारे भाडे हे अंतिम बिल नसते. दुबईत हॉटेलच्या दर्जानुसार प्रत्येक खोलीमागे रात्रीला ७ ते २० दिरहम पर्यटन शुल्क लागते आणि ते बहुधा हॉटेलातच भरावे लागते. अनेक हॉटेले अनामत म्हणून कार्डावरील काही रक्कम अडवून ठेवतात. कार्डाने पैसे देताना यंत्रावर 'रुपयांत की स्थानिक चलनात' असे विचारले गेल्यास स्थानिक चलन निवडावे. रुपयांचा पर्याय सहसा महाग पडतो.

व्हिसा हाती नसेल किंवा रजा रद्द होण्याची शक्यता असेल, तर पैसे परत न मिळणारी स्वस्त खोली घेऊ नये. आरक्षण रद्द करण्याची मुदत बहुधा त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे संपते. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तेथील मध्यरात्र म्हणजे आपल्याकडील रात्रीचे साडेनऊ.

अखेरीस, पाहुण्यांचे अभिप्राय वाचताना एकूण गुणांपेक्षा गेल्या दोन-तीन महिन्यांतील तक्रारी पाहाव्यात. शेजारी सुरू असलेले बांधकाम, बंद लिफ्ट, रात्री सामसूम होणारी गल्ली या गोष्टी छायाचित्रांत दिसत नाहीत. एकट्या प्रवास करणाऱ्या महिलांनी हे अभिप्राय आवर्जून वाचावेत. या साऱ्याला फार तर अर्धा तास लागतो. तीन रात्रींच्या सहलीत रोजचे दोन तास वाचवायचे, तर हा अर्धा तास घरीच खर्च केलेला बरा.