नवा इनटेक मॅनिफोल्ड घेण्याआधी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एमजीए ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार १९५५ साली आली तेव्हा तिच्यात १,४८९ सीसीचे इंजिन होते. आपल्याकडे सरकारी कचेऱ्यांसमोर उभी राहणारी पेट्रोल अॅम्बेसेडर कित्येक वर्षे १,४८९ सीसीच्याच इंजिनावर धावली. ही दोन्ही इंजिने एकाच घराण्यातली, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजमधली. म्हणून अमरावती-अकोल्यातल्या ज्या मिस्त्रीच्या हातून जुन्या अॅम्बेसेडर गेल्या आहेत, त्याला जुन्या एमजीचे इंजिन परके नाही.

इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे कार्बोरेटरमधून निघालेले हवा-पेट्रोलचे मिश्रण इंजिनाच्या हेडपर्यंत नेणारा नळ्यांचा भाग. कंपनीबाहेर तयार झालेले चकचकीत मॅनिफोल्ड आता घरबसल्या मागवता येतात. पण त्यांच्याभोवती इतके गैरसमज आहेत की चांगली चालणारी जुनी गाडी त्यापायी बिघडते. त्यातले मुख्य गैरसमज आधी दूर करू.

गैरसमज १ : मॅनिफोल्ड बदलला की गाडीची ताकद वाढते.

वस्तुस्थिती : एकट्या मॅनिफोल्डने फारसे काही होत नाही. १,४८९ सीसीच्या एमजीएची ताकद सुरुवातीला ६८ अश्वशक्ती होती, तर तेवढ्याच सीसीच्या अॅम्बेसेडरची पन्नाशीच्या आसपास. हा फरक निव्वळ नळ्यांचा नव्हता. एमजीएचे कॉम्प्रेशन जास्त होते, एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर होते आणि बाकीची जुळणीही त्याच हिशेबाने केलेली होती. इंजिनात हवेची वाट जिथे सर्वांत अरुंद असते, तिथेच तिची मर्यादा ठरते. ती जागा व्हॉल्व्हपाशी किंवा सायलेन्सरमध्ये असेल, तर मॅनिफोल्डवरचा खर्च वाया जातो. म्हणून आधी कॉम्प्रेशन मोजावे, टॅपेट आणि टायमिंग तपासावे. अनेकदा हरवलेला पिकअप तिथेच सापडतो.

गैरसमज २ : नळी जितकी रुंद तितकी चांगली.

वस्तुस्थिती : नळी रुंद केली की कमी आरपीएमवर हवेचा वेग मंदावतो. मंद हवेत पेट्रोलचे थेंब तरंगत राहत नाहीत. ते नळीच्या तळाशी साचतात आणि गाडी मिसिंग मारते. लांब आणि अरुंद नळी खालच्या व मधल्या आरपीएमवर जोर देते. आखूड आणि रुंद नळी वरच्या आरपीएमवर कामाला येते. आता आपली गाडी कुठे चालते ते पाहा. अमरावती-अकोला महामार्गावर २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी थर टाकण्याचा विक्रम झाला. त्या रस्त्यावर जुनी गाडी एका वेगाने, मधल्या आरपीएमवरच छान चालते. शर्यतीच्या मैदानासाठी बनवलेला मॅनिफोल्ड इथे मूळ मॅनिफोल्डपेक्षा सुस्त वाटेल.

गैरसमज ३ : चार सिलिंडर आहेत, तर चार स्वतंत्र नळ्या हव्यातच.

वस्तुस्थिती : हे हेडवर अवलंबून आहे. बी-सिरीजच्या हेडला हवा घेण्याची दोनच तोंडे आहेत. पहिल्या दोन सिलिंडरना मिळून एक, शेवटच्या दोघांना मिळून दुसरे. फायरिंगचा क्रम १-३-४-२ असल्याने एका तोंडाला जोडलेले दोन सिलिंडर लागोपाठ हवा ओढतात आणि मग ते तोंड थांबते. अशा हेडवर चार नळ्यांना अर्थ नाही. म्हणूनच एमजीबीसारख्या गाड्यांवर दोन एसयू, किंवा दोन बॅरलचा एकच वेबर कार्बोरेटर बसवतात.

ज्या हेडला चार तोंडे आहेत, तिथे प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी जरूर देता येते. पण मग ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम एका नळीतून धड मिळत नाही. मॅनिफोल्ड पसंत करताना बूस्टरच्या व्हॅक्यूमची सोय आधी पाहावी. हा ब्रेकचा प्रश्न आहे.

गैरसमज ४ : आतून आरशासारखे पॉलिश केले की हवा वेगाने जाते.

वस्तुस्थिती : कार्बोरेटरच्या गाडीत नळीतून पेट्रोलही वाहते. किंचित खरखरीत पृष्ठभागावर पेट्रोलचा थर मोडून पुन्हा हवेत मिसळायला मदत होते. पॉलिशपेक्षा मॅनिफोल्ड, गॅस्केट आणि हेडची तोंडे एका रेषेत येणे महत्त्वाचे. गॅस्केटची कड वाटेत डोकावत असेल, तर पॉलिशची सारी मेहनत फुकट.

गैरसमज ५ : अॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड थंड राहतो, म्हणून उन्हाळ्याचा प्रश्न मिटतो.

वस्तुस्थिती : वऱ्हाडासाठी हा मुद्दा सर्वांत मोलाचा आहे. जुन्या ब्रिटिश आणि युरोपीय गाड्यांत मॅनिफोल्डला मुद्दाम एक्झॉस्टची उष्णता देत, कारण तिकडच्या थंडीत पेट्रोलची वाफ होत नसे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्या हवेत १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के कमी वजनाची हवा इंजिनाला मिळते. त्यातच बी-सिरीजमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट इंजिनाच्या एकाच बाजूला आहेत, आणि कार्बोरेटर तापलेल्या एक्झॉस्टच्या अगदी वर. अॅल्युमिनियम उष्णता लवकर सोडते तशी लवकर घेतेही. गाडी बंद केल्यावर खालची धग वर चढते, कार्बोरेटरमधले पेट्रोल उकळते आणि दहा मिनिटांनी गाडी चालू होत नाही.

यावरचा उपाय साधा आणि स्वस्त आहे. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये उष्णता अडवणारा जाड बेकेलाइटचा तुकडा, एक्झॉस्टवर पत्र्याची ढाल, आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर. नवा मॅनिफोल्ड घेतलाच, तर या तिन्हींना जागा उरते का ते आधी मोजावे. कार्बोरेटरमधून गळणारे पेट्रोल थेट तापलेल्या एक्झॉस्टवर पडते, त्यामुळे इथली छोटी गळतीही आगीला निमंत्रण आहे.

गैरसमज ६ : एकदा बसवला की काम संपले.

वस्तुस्थिती : खरे काम तिथून सुरू होते. अॅल्युमिनियम बिडापेक्षा साधारण दुप्पट प्रसरण पावते, म्हणून पहिल्या काही फेऱ्यांनंतर इंजिन थंड असताना नट पुन्हा तपासावे लागतात. सांध्यातून एअर घेतली की मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि व्हॉल्व्ह जळू शकतो. व्हॅक्यूम गेज लावून ही गळती ओळखता येते. साध्या कॅमशाफ्टच्या निरोगी इंजिनाचा काटा आयडलिंगला समुद्रसपाटीवर १७ ते २१ इंचांवर स्थिर असतो. अमरावतीच्या सुमारे ३४० मीटर उंचीवर तो इंचभर कमी दिसेल. गळती शोधायला पेट्रोल शिंपडण्याची पद्धत सोडून द्यावी.

जेटही नव्याने ठरवावे लागतात. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला सुमारे साडेतेरा. म्हणजे जुन्या जेटवर हे पेट्रोल मिश्रण पातळ करते. उलट उन्हाळ्याची विरळ हवा मिश्रण घट्ट करते. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढलो की सुमारे १,१०० मीटरवर हवेचा दाब अमरावतीपेक्षा जवळपास ९ टक्के कमी होतो आणि मिश्रण आणखी घट्ट होते. म्हणून ट्यूनिंग एकदा डिसेंबरात आणि एकदा मे महिन्यात तपासावे. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि सील त्याच वेळी बदलून घ्यावेत.

गैरसमज ७ : आपल्याच गाडीचा पुर्जा, त्यात कायद्याचा काय संबंध?

वस्तुस्थिती : संबंध आहे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते. पण ती मूळ स्वरूपात जपलेली हवी, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नेही बदलांना मर्यादा घातली आहे. त्यामुळे हेड घासून, कापून बसवावा लागणारा मॅनिफोल्ड टाळावा. पुन्हा काढता येईल असाच बदल करावा आणि आधी आरटीओत विचारून घ्यावे. मूळ मॅनिफोल्ड तेल लावून, कागदात गुंडाळून जपून ठेवावा. भंगारात तर मुळीच देऊ नये.

निवडीचा क्रम असा ठेवा : आधी इंजिनाची तब्येत, मग उष्णतेचा बंदोबस्त, मग मूळ कार्बोरेटरची नीट दुरुस्ती. एवढे करूनही गाडी कमी पडते असे वाटले, तरच मॅनिफोल्डचा विचार करा. तो घेताना हेडची तोंडे, बोनेटखालची जागा, व्हॅक्यूमची सोय आणि आपण नेहमी चालवतो तो आरपीएम, हे चार मुद्दे विक्रेत्याला विचारा. उत्तर मिळत नसेल, तर तो पुर्जा कितीही देखणा असो, घेऊ नका. वऱ्हाडातल्या बहुतेक जुन्या गाड्यांना मूळ मॅनिफोल्डच सर्वांत चांगला ठरतो, आणि तो त्यांच्याजवळ आधीपासून आहे.