पवनचक्की गावात येण्याआधी वस्तीने काय विचारावे?

"गावात पवनचक्की आली की आमचं लाईट बिल कमी होणार का?" वस्त्यांवर बैठका घेताना आम्हाला हा प्रश्न हमखास विचारला जातो. खरे उत्तर आहे, नाही. पवनचक्कीत तयार झालेली वीज आधी कंपनीच्या उपकेंद्रात जाते, तिथून उच्चदाबाच्या तारांनी राज्याच्या किंवा देशाच्या वीजजाळ्यात मिसळते. चक्कीच्या पायथ्याशी असलेल्या घरालाही वीज महावितरणकडूनच येते आणि तिचा दर इतरांइतकाच असतो.

हे ऐकले की पुढचा प्रश्न येतो, "मग आमचा फायदा काय?" फायदा होऊ शकतो. तो कुणाला आणि किती मिळणार, हे मात्र चक्की उभी राहण्याच्या कितीतरी आधी, प्रकल्पाची आखणी सुरू असतानाच ठरते. पाती फिरू लागल्यावर मागण्या घेऊन गेलेल्या गावाच्या हाती सहसा काही लागत नाही. आणि गावाला जे मिळते, त्यात भूमिहीन आणि गायरानधारक कुटुंबांचा वाटा कुणी आठवणीने ठेवत नाही. म्हणून ही आखणी कशी होते, ते आपल्या समाजाने समजून घेतले पाहिजे.

वीज हा आपलाही विषय

वीज हा इंजिनिअर आणि कंपन्यांचा विषय, आपला नाही, असे काही कार्यकर्त्यांना वाटते. बाबासाहेबांना तसे वाटत नव्हते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज व पाटबंधारे हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. देशाच्या विजेच्या नियोजनासाठी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले, तेही त्यांच्याच कार्यकाळात. गरिबी हटवायची तर उद्योग हवेत आणि उद्योगांसाठी स्वस्त व मुबलक वीज हवी, अशी त्यांची मांडणी होती. वीज कुणासाठी, हा प्रश्न त्यांनी विजेच्या प्रश्नापासून कधी वेगळा केला नाही.

आखणी कशी होते?

सगळ्यात आधी वारा मोजला जातो. चेन्नई येथील राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था देशभरातील वाऱ्याची माहिती गोळा करते. त्यानंतर निवडलेल्या जागी उंच, बारीक लोखंडी मनोरा उभारून निदान वर्षभर वाऱ्याचा वेग आणि दिशा नोंदवली जाते. वेगातला थोडासा फरकही फार मोठा असतो. वारा सेकंदाला ५ मीटरऐवजी ६ मीटरने वाहू लागला, तर त्यातली ऊर्जा सुमारे ७३ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे कंपन्यांना उंच पठारे आणि डोंगरमाथे हवे असतात. साताऱ्यातील चाळकेवाडी आणि वनकुसवडे, सांगलीतील ढालगाव, धुळ्यातील साक्री ही नावे त्यातूनच पुढे आली. आपल्याकडे बहुतांश उत्पादन मे ते सप्टेंबर या महिन्यांत, मोसमी वाऱ्यांवर होते.

दुसरी पायरी म्हणजे प्रत्येक चक्कीची नेमकी जागा ठरवणे. एका चक्कीमुळे दुसरीचा वारा अडू नये म्हणून त्या एकमेकींपासून काही शे मीटर दूर ठेवतात. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत चक्की उभारू नये, आणि रस्ते व सार्वजनिक इमारतींपासूनही ठरावीक अंतर राखावे. शेतातले घर किंवा गावाबाहेरची वस्ती नकाशावर दाखवलीच नसेल, तर हे अंतर मोजणार कुठून? आपल्या वस्त्या गावकुसाबाहेर असतात, हे इथे विसरून चालणार नाही.

मग जमीन घेतली जाते, वीज वाहून नेण्यासाठी उपकेंद्र आणि तारांचा मार्ग ठरतो, परवानग्या घेतल्या जातात आणि शेवटी रस्ते व पायाभरणी सुरू होते. जमीन बहुतेक वेळा दलालांमार्फत, एकेका शेतकऱ्याला स्वतंत्र गाठून घेतली जाते. दर गुपित ठेवला जातो. शेजाऱ्याला किती मिळाले हे कळेपर्यंत आपली सही झालेली असते.

एक साधा हिशेब करून पाहू. २ मेगावॅटची एक चक्की वर्षभरात आपल्या क्षमतेच्या २५ टक्के चालली, तर सुमारे ४३ लाख ८० हजार युनिट वीज तयार होते. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या ३,६५० घरांची ती वर्षाची गरज आहे. एका चक्कीची ही ताकद असेल, तर बोलणी करताना गावाने हात जोडून उभे राहण्याचे कारण नाही.

गावाच्या पदरात काय पडू शकते?

पहिला फायदा जमिनीचा मोबदला. चक्कीचा पाया आणि क्रेनची जागा सोडली, तर आजूबाजूची शेती चालू ठेवता येते. म्हणून जमीन कायमची विकण्यापेक्षा भाडेपट्टा आणि ठरावीक वर्षांनी भाडेवाढ हा पर्याय मागून पाहावा. पट्ट्याची मुदत वीस-पंचवीस वर्षांची असेल, तर त्या काळात पैशाची किंमत किती घसरेल याचाही विचार हवा.

दुसरा फायदा ग्रामपंचायतीचा कर. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १२४ ने पंचायतीला इमारती आणि जमिनींवर कर बसवण्याचा अधिकार दिला आहे. चक्की आणि उपकेंद्राची नोंद करआकारणीच्या नमुना ८ मध्ये झाली आहे का, किती कर आकारला आणि किती वसूल झाला, हे कुणीही गावकरी विचारू शकतो. माहिती मिळाली नाही, तर माहिती अधिकार कायदा आहेच.

तिसरा फायदा रोजगाराचा, आणि इथे खोटी आशा दाखवू नये. बांधकामाच्या काळात मजूर, गाड्या, सुरक्षारक्षक यांना काम मिळते. चक्की सुरू झाली की थोडेच लोक लागतात. त्यातही तंत्रज्ञ बाहेरून येतात आणि गावच्या मुलांच्या वाट्याला पहारेकऱ्याची नोकरी येते. हे बदलायचे तर काम सुरू होण्याआधीच गावातल्या मुला-मुलींना आयटीआयमध्ये वायरमन, इलेक्ट्रिशियनचे शिक्षण आणि कंपनीत शिकाऊ उमेदवारी, असे लेखी ठरवून घ्यावे लागते.

चौथी गोष्ट सीएसआर निधीची. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. पण अनेकदा प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळी कंपनी काढलेली असते आणि ती त्या मर्यादेत बसेलच असे नाही. शिवाय हा पैसा आपल्याच गावात खर्च करावा अशी सक्ती नसते. त्यामुळे "सीएसआरमधून करू" हे तोंडी आश्वासन पुरेसे समजू नये.

ज्यांचे नाव सातबाऱ्यावर नाही

आमच्या कामात सगळ्यात जास्त अडचण इथे येते. कंपनी सातबारा बघते. सातबाऱ्यावर नाव नसलेला माणूस तिच्या लेखी त्या जमिनीवर नसतोच. बौद्ध, मातंग, भटके-विमुक्त समाजातील अनेक कुटुंबे गायरानावर दोन-तीन पिढ्यांपासून पीक घेतात. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला, तो याच जमिनींसाठी. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अनुसूचित जाती-जमातींची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. तरीही कितीतरी कुटुंबांच्या हातात आज उतारा नाही.

असे पठार "पडीक सरकारी जमीन" म्हणून प्रकल्पाच्या नकाशात दाखवले गेले, तर त्या कुटुंबाला ना मोबदला मिळतो, ना नोटीस. म्हणून तलाठ्याकडे गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही तपासावी. दंडाच्या पावत्या, जुन्या पीकपाहणीच्या नोंदी, शेजाऱ्यांचे जबाब असा सगळा कागद एका पिशवीत जमवून ठेवावा.

दुसरा प्रश्न महार वतनाच्या जमिनींचा. कनिष्ठ वतने रद्द करणाऱ्या १९५८ च्या कायद्यानुसार परत मिळालेल्या या जमिनी नवीन शर्तीच्या आहेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. साठेखत, मुखत्यारपत्र असे मार्ग दाखवणारे दलाल भेटतात. अशा कागदावर सही करून जमीन जाते आणि पैसाही अर्धवट मिळतो. वकिलाला किंवा जाणत्या कार्यकर्त्याला दाखवल्याशिवाय सही करू नये. वनजमीन असेल तर वनहक्क कायदा २००६ नुसार दाव्यांचा निकाल आधी लावून घ्यावा.

जनसुनावणी होत नाही, म्हणून

धरण किंवा खाण येणार असेल, तर पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी होते आणि तिथे लोकांना बोलता येते. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा प्रकल्प नाहीत. म्हणजे खासगी जमिनीवर चक्क्या उभ्या राहताना गावाचे म्हणणे ऐकण्याची ही जागाच उपलब्ध नसते. धूर नाही, राख नाही, हे पवनऊर्जेचे मोठे गुण आहेत आणि कोळशाच्या तुलनेत आम्ही तिच्याच बाजूचे आहोत. पण डोंगर फोडून रस्ते काढले, तर माती खाली येते, झरे आटतात, गुरांची वाट तुटते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात भीमाशंकर परिसरातील पवनऊर्जा प्रकल्पाच्या बाबतीत अशा नुकसानीची नोंद घेतली आहे.

बोलण्याची उघड जागा नसली की व्यवहार अंधारात होतात, आणि अंधारात खंडणीखोर व गुंडांचे फावते. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी हे प्रकरण जोडलेले असल्याचे तपास यंत्रणेने आरोपपत्रात मांडले आहे. न्याय न्यायालयात होईल. आपण यातून एवढे शिकावे की प्रकल्पाचा व्यवहार दोन-चार जणांच्या हाती राहिला, तर त्याची किंमत अख्खे गाव मोजते.

दुसरीकडे काय झाले?

डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळच्या समुद्रात २००० साली २० चक्क्यांचा प्रकल्प उभा राहिला. त्यातल्या निम्म्या चक्क्यांची मालकी साडेआठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेकडे होती. पुढे तिथल्या कायद्याने नव्या प्रकल्पातील किमान २० टक्के हिस्सा आधी आसपासच्या रहिवाशांना देऊ करणे कंपन्यांना बंधनकारक केले. २०२० पर्यंत हा नियम लागू होता. आपल्या गावातल्या मजुराकडे हिस्सा विकत घ्यायला पैसा नाही, हे खरे. पण सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात जमिनीच्या मोबदल्याचा काही भाग हिस्सा म्हणून आणि भूमिहीनांसाठी ठरावीक वार्षिक निधी, अशी मागणी करायला काय हरकत आहे?

ग्रामसभेत विचारायचे प्रश्न

वारा मोजणारा मनोरा दिसला की तेव्हाच हे प्रश्न लेखी द्यावेत:

१. चक्क्या, रस्ते, तारा यांचा नकाशा कुठे आहे? त्यात आपली वस्ती, स्मशानभूमी, पाणवठे दाखवले आहेत का?
२. जमीन विकत घेणार की भाड्याने? दर सर्वांना सारखा का नाही?
३. गायरान किंवा वनजमीन लागणार आहे का? तिथे कोण कसते, याची पाहणी कोण करणार?
४. तारांच्या मनोऱ्याखालच्या आणि तारेखालच्या जमिनीची भरपाई किती?
५. स्थानिकांना किती, कोणत्या आणि किती काळाच्या नोकऱ्या?
६. पंचवीस वर्षांनी चक्की काढून जमीन पूर्ववत कोण करणार?

नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. पाणी आणि सरपण बायाच आणतात, त्यामुळे रस्ता आणि झऱ्याचा प्रश्न त्यांना आधी दिसतो. त्यांचे म्हणणे ठरावात आले पाहिजे. ठरावाची सहीशिक्क्याची प्रत वस्तीतल्या कार्यकर्त्याकडे असलीच पाहिजे.

वज्जी लोक वारंवार एकत्र जमतात, एकोप्याने निर्णय घेतात, तोवर त्यांची हानी होणार नाही, असे तथागतांनी सांगितले होते. आपल्या वस्तीसाठी त्याचा अर्थ अगदी सरळ आहे. दलाल एकेकट्याला गाठतो, म्हणून आपण एकट्याने भेटायचे नाही. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास जास्त बसा, प्रत्येक घराची जमिनीची कागदपत्रे तपासा आणि पुढच्या ग्रामसभेला सगळे मिळून जा.

जय भीम!