‘रहिवासी’ या शब्दात कोण येते?

राज्यघटनेची भाषा लिंगनिरपेक्ष असावी, ही मागणी अलीकडची, असा माझाही समज होता. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या घटना क्रमाने वाचल्या, तेव्हा तो दूर झाला.

या राज्याची पहिली घटना २ जुलै १७७६ ची. मतदार कोण? तर पन्नास पौंडांची मालमत्ता असलेले, वर्षभर त्या परगण्यात राहिलेले ‘सर्व सज्ञान रहिवासी’. ‘पुरुष’ अशी अट त्यात नव्हती. १७९० च्या निवडणूक कायद्याने तर मतदारासाठी ‘तो किंवा ती’ असेच लिहिले. १७९७ मध्ये ही तरतूद राज्यभर लागू झाली. विवाहित स्त्रीची मालमत्ता कायद्याने नवऱ्याच्या ताब्यात जाई. त्यामुळे मतदानाला गेल्या त्या मुख्यतः विधवा आणि अविवाहित स्त्रिया.

पुढे १८०७ मध्ये विधिमंडळाने साध्या कायद्याने मताधिकार मुक्त, गोऱ्या पुरुष नागरिकांपुरता ठेवला. स्त्रिया आणि कृष्णवर्णीय दोघेही वगळले गेले. घटनेतील ‘रहिवासी’ हा शब्द मात्र तसाच होता! १८४४ च्या नव्या घटनेने तोही काढून ‘गोरा पुरुष नागरिक’ असे लिहिले. स्त्रियांना तिथे मत परत मिळाले ते १९२० मध्ये, देशाच्या घटनेतील एकोणिसाव्या दुरुस्तीने.

१९४७ च्या घटनेने ही फट बुजवली. हक्कांच्या कलमात ‘मेन’ऐवजी ‘पर्सन्स’ आले. शिवाय व्यक्ती, लोक किंवा कोणतेही पुरुषवाचक सर्वनाम दोन्ही लिंगांना लागू समजावे, असे वेगळे कलम घातले गेले. व्हरमाँटने १९९४ मध्ये आणखी पुढे जाऊन घटनेच्या दुसऱ्या प्रकरणाची भाषाच सर्वसमावेशक करण्याचे काम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींवर सोपवले. अट एकच, अर्थ बदलता कामा नये.

आपल्या मराठीत ‘तो करील’, ‘ती करील’, क्रियापद एकच. ‘व्यक्ती’ हा शब्द तर स्त्रीलिंगीच. तरीही ‘जबाबदार व्यक्तीची सही’ वाचताना आपल्या डोळ्यांसमोर सहसा कोण येते, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून मला वाटते, निरपेक्ष शब्द हवाच. पण त्यात कोण कोण येते, हेही घटनेतच लिहिलेले हवे. न्यू जर्सीतील स्त्रियांना ते न लिहिल्याची किंमत एकशे तेरा वर्षे मोजावी लागली.