मोकळा तळमजला

आम्हां भरवेलीकरांना जमिनीचा हादरा अपरिचित नाही. मँगनीजच्या खाणीतील सुरुंगांशी आमचा जुना परिचय आहे. परंतु भूकंपाची गोष्ट निराळी. येथून उत्तरेस सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेल्या जबलपूरला २२ मे १९९७ रोजी मध्यरात्रीनंतर ५.८ रिश्टरचा धक्का बसला. मातीविटांची जुनी घरे पडली, ह्याचे कोणास नवल वाटले नाही. नवल वाटले ते काँक्रीटच्या काही नव्या इमारतींचे. वाहनांसाठी मोकळ्या ठेवलेल्या तळमजल्याचे खांबच त्यांत जबर दुखावले होते.

असे का व्हावे? वरच्या मजल्यांवर खांबांच्या चौकटी विटांच्या भिंतींनी भरलेल्या असतात, म्हणून ते ताठ राहतात. खाली भिंती नसल्या की सारे डोलणे त्या एकाच मजल्याच्या खांबांवर येते. तीन बाजूंस भिंती आणि रस्त्याकडे तेवढे उघडे दुकान असेल, तर इमारत पिळवटतेही. शिवाय जमीन गाळाची असल्यास हेलकावे वाढतात. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात दोनशे किलोमीटरहून अधिक दूरच्या अहमदाबादेत मोकळ्या तळमजल्याच्या अनेक इमारती कोसळल्या. अंतर हे काही अभेद्य कवच नव्हे.

आज आपल्यापैकी कित्येकजण कौलारू घर उतरवून खांबांवरचे घर बांधीत आहेत. खाली दुकान वा गाडी, वर मुलेबाळे. अशा वेळी तळमजल्याचे खांब विशेष बळकट करावेत, शक्य तेथे दोन्ही दिशांना काँक्रीटच्या भिंती घ्याव्यात, आणि हे जाणत्या अभियंत्याकडून ठरवून घ्यावे. सळयांभोवतीच्या रिंगा खांबाच्या दोन्ही टोकांशी दाट असाव्यात. रिंगेची टोके काटकोनात न सोडता १३५ अंशांत आत वळवावीत. मग बाहेरचे काँक्रीट गळाले तरी रिंग सुटत नाही. खांब वाकतो, पण एकाएकी तुटत नाही. भारतीय मानक १३९२० हेच १९९३ पासून सांगत आले आहे.

रंग आणि फरशी निवडावयास आम्ही सहकुटुंब जातो. काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशीही एकदा जावे आणि रिंगा डोळ्यांनी पाहाव्यात. त्यानंतर त्या पुन्हा दिसावयाच्या नाहीत.