अकरा धरणे जोडाल, वीजबिल कोण भरणार?

परभणी–मनमाड रेल्वेमार्गावरचे पेडगाव दोन मोठ्या धरणांच्या टापूत येते. जिंतूर तालुक्यात पूर्णेवर येलदरी आणि पैठणला गोदावरीवर जायकवाडी. तरीही परभणी जिल्ह्यात उन्हाळा आला की टँकरची मागणी सुरू होते.

पाणीच नाही म्हणावे, तर हिशेब वेगळे सांगतो. 2011 च्या जनगणनेनुसार मराठवाड्याची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 87 लाख. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज 55 लिटर धरले, तर वर्षाला साधारण 13 टीएमसी पाणी लागेल. शहरांची आणि जनावरांची वाढीव गरज वेगळी. एकट्या जायकवाडीचा उपयुक्त साठा 76 टीएमसीहून अधिक आहे. अडचण आहे ती धरणातले पाणी गावापर्यंत आणण्याची.

ती 2016 मध्ये साऱ्या देशाने पाहिली. मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरची तहान मिरजेहून निघालेल्या रेल्वेच्या टाक्यांनी भागवावी लागली.

यावर तोडगा म्हणून मराठवाडा वॉटर ग्रीडची कल्पना आली. जायकवाडी, येलदरी, सिद्धेश्वर, माजलगाव, विष्णुपुरी अशी अकरा धरणे जलवाहिन्यांनी जोडायची आणि एक आटले तर दुसऱ्यातून पाणी घ्यायचे. 2018 मध्ये इस्रायलच्या मेकोरोट या सरकारी कंपनीशी करार झाला. 2019 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने औरंगाबाद आणि जालना जिल्ह्यांसाठी 4,293 कोटींच्या कामाला मान्यता दिली. पैसा उभारण्यासाठी ‘हायब्रीड अॅन्युइटी’ पद्धत ठरली. तिच्यात बांधकामाच्या काळात सरकार खर्चाचा काही भाग देते, उरलेला ठेकेदार उभा करतो आणि सरकार तो वर्षानुवर्षे हप्त्यांनी फेडते. पुढे सरकार बदलले, प्राधान्यक्रमही बदलले आणि काम रेंगाळले.

बांधकामाला निधी मिळेलही. खरी कसोटी उद्घाटनानंतर लागते. मुख्य जलवाहिनी साधारण 30 वर्षांच्या गरजेचा विचार करून टाकतात, पंप मात्र 15 वर्षांत बदलावे लागतात. वीजबिल तर दर महिन्याला येते. अनेक गावांच्या प्रादेशिक योजनेत काही गावांची पाणीपट्टी थकली आणि त्यापायी वीज तुटली, तर नियमित भरणाऱ्या गावाचेही नळ कोरडे पडतात. ग्रामपंचायतींना 2021 ते 2026 या काळात पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून पाण्यासाठी पैसे मिळाले, पण असा निधी मुदतीचा असतो.

म्हणून सामायिक योजनेत सामील होण्याआधी पेडगावसारख्या गावांच्या ग्रामसभांनी काही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: गावाच्या वेशीवर पाणी मोजणारे मीटर, टंचाईच्या वर्षी कोणत्या गावाला किती पाणी याचा आधीच ठरलेला वाटा, पंप बदलण्यासाठी दरवर्षी बाजूला पडणारी रक्कम आणि पाणीपट्टी न परवडणाऱ्या घरांसाठी सवलत, तीही कोणाच्या खात्यातून जाणार याच्या स्पष्ट उल्लेखासह. हे सारे निविदेच्या कागदातच यायला हवे, कारण जलवाहिनी जमिनीत गेल्यावर ग्रामपंचायतीच्या हाती घासाघीस करायला फारसे काही उरत नाही.