सांभाळू जुनी गाडी – भाग ७ : अर्थची वायर

रायपुरात अजूनही एखादी एमपी नंबरची मारुती ८०० दिसते. मध्य प्रदेशातून छत्तीसगड राज्य वेगळं झालं १ नोव्हेंबर २००० ला, म्हणजे ही गाडी बहुधा त्याआधीची, पंचविशी उलटलेली. नवा रायपूरच्या सेक्टरांमध्ये अशी गाडी मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत उघड्यावर तापते आणि जूनच्या मध्यापासून पावसात भिजते. मग एका सकाळी किल्ली फिरवली की नुसतं 'कट' वाजतं, डॅशबोर्डचे दिवे मंदावतात आणि सेल्फ (स्टार्टर मोटर) जागचा हलत नाही.

अशा वेळी बहुतेक जण नवी बॅटरी घेतात. थोडे दिवस बरे जातात, पुन्हा रड सुरू झाली की सेल्फ खोलला जातो. या दोन्ही खर्चांआधी बघायला हवी ती बॅटरीच्या निगेटिव्हवरून निघालेली काळी वायर, म्हणजेच अर्थ.

सेल्फ फिरताना लहान पेट्रोल गाडीतही शंभर-दीडशे अँपियर करंट ओढतो. जेवढा करंट लाल वायरीतून जातो, तेवढाच परत बॅटरीत यावा लागतो. इंजिन बसलेलं असतं रबरी माउंटिंगवर, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं. म्हणून त्याला स्वतःची अर्थ लागते. या वाटेत गंजामुळे ओहमचा शंभरावा भाग इतका जरी अडथळा आला, तरी दीडशे अँपियरला दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. इंजिनची अर्थ पूर्ण तुटली, तर करंट क्लचच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. केबल तापते, तिचं कव्हर वितळतं. नवी टाकलेली केबल पुन्हा जळाली, तर दोष केबलचा नाही, अर्थचा आहे.

तपासणी सोपी आहे. कॉइलची बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर लावा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर टेकवा, क्लॅम्पवर नाही. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत आकडा असेल तर अर्थ ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर वायर बदलायचीच.

वायर बाहेरून धडधाकट दिसते, पण त्यावर विश्वास ठेवू नका. थिंबलपाशी, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीपाशी, कव्हर दोनेक इंच सोलून बघा. आतलं तांबं हिरवट-काळं पडलेलं असतं, बोटांनी चुरलं की भुगा होतो. अशा वायरीला नुसतं नवं टर्मिनल लावून काही साधत नाही.

नवी वायर तांब्याचीच घ्या, लहान पेट्रोल गाडीला २५ चौरस मिलिमीटरची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर स्वस्तात मिळते, ती नको. लांबी जुन्या वायरीवरून मापा, पण इंजिन हलतं म्हणून थोडी ढील ठेवा. थिंबल प्रेसने दाबून घ्यावी. हातोडीने ठोकलेली थिंबल वर्षभरात सैल होते. जोडावर हीटश्रिंक स्लीव्ह चढवा. खरं काम मात्र बोल्टाच्या जागी आहे. बॉडीवरचा आणि इंजिनवरचा गंज, रंग पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत करा, दातेरी वॉशर टाका, घट्ट आवळा आणि मग वरून ग्रीस लावा. हा घासण्याचा भाग गॅरेजमध्ये सर्रास टाळला जातो, म्हणून समोर उभं राहून करून घ्या.

बॅटरीच्या वायरी काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो, आणि चार्ज झालेल्या बॅटरीभोवती हायड्रोजन असतो. हातातली अंगठी, घड्याळ काढूनच बसा.

पाऊस लागण्याआधी एवढी तपासणी करून घ्या, आणि मीटरचा आकडा स्वतः पाहिल्याशिवाय नव्या बॅटरीचे पैसे देऊ नका. पुढच्या आठवड्यात अल्टरनेटर.